ल्युपस आनुवंशिक आहे का? प्रश्न जरा बदलून विचारू

संशोधनाच्या प्रवेशाची तयारी करत असाल तर हा प्रश्न तुम्हाला मुलाखतीत कधीतरी येईलच: "ल्युपस हा आनुवंशिक आजार आहे का?" बहुतेक जण "हो, पण पर्यावरणाचाही वाटा असतो" असं सांगून मोकळे होतात. उत्तर चूक नाही. पण हेच वाक्य मधुमेहाला, दम्याला, रक्तदाबाला, कशालाही लावता येतं. म्हणजे त्यातून ल्युपसबद्दल काहीच कळत नाही.

या विषयाचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास वाचल्यावर माझं मत असं झालंय: ज्यांनी "ल्युपसचं जनुक कोणतं?" असं विचारलं त्यांना धूसर उत्तरं मिळाली. ज्यांनी "या रुग्णाच्या रक्तात नेमकी कोणती अँटिबॉडी आहे आणि तिच्यामागे कोणतं जनुक आहे?" असं विचारलं त्यांना त्या मानानं स्वच्छ उत्तरं मिळाली. तुम्ही पीएच.डी.ची चार-पाच वर्षं यात घालणार असाल, तर कुठला प्रश्न हातात घेताय हे आधीच ठरलेलं बरं.

आधी थोडी ओळख. ल्युपस, म्हणजे सिस्टेमिक ल्युपस एरिथेमॅटोसस, हा प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार. दहा रुग्णांत साधारण नऊ बायका, त्याही बहुतेक ऐन तारुण्यातल्या. गालावर फुलपाखरासारखा चट्टा, सांधेदुखी, ताप, केस गळणं, आणि वाईट प्रकारात मूत्रपिंड निकामी होणं. भारतातला सगळ्यात जास्त वेळा उद्धृत होणारा आकडा मालवीय आणि सहकाऱ्यांच्या १९९३ च्या दिल्लीजवळच्या पाहणीतला आहे: लाखात ३.२. या सगळ्या रुग्णांना एका दाव्यात बांधणारी गोष्ट म्हणजे ऑटोअँटिबॉडी. आपल्याच पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएविरुद्ध, प्रथिनांविरुद्ध शरीर प्रतिपिंडं तयार करतं. डॉक्टर जी "एएनए" नावाची तपासणी लिहून देतात ती याचीच.

आता परळला जाऊ. (पनवेलहून हार्बरनं कुर्ला, तिथून स्लो लोकल.) १९५२ साली सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे, डॉ. एच. एम. भाटिया यांना काही माणसांचं रक्त कोड्यात टाकत होतं. नेहमीच्या चाचणीत ते 'ओ' गटाचं दिसायचं, पण त्यांना 'ओ' रक्तही चालत नव्हतं. कारण त्यांच्या सीरममध्ये 'एच' नावाच्या पदार्थाविरुद्ध जोरदार अँटिबॉडी होती, आणि 'एच' तर बाकी जवळजवळ सगळ्यांच्या तांबड्या पेशींवर असतो. 'लॅन्सेट'मध्ये हे प्रसिद्ध झालं. लंडनचे रेस आणि सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स सहलेखक होते. हाच आपला बॉम्बे ब्लड ग्रुप. पुढे कळलं की एफयूटी-१ नावाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असल्या की 'एच' बनतच नाही.

ल्युपसच्या लेखात रक्तगट कशाला, असं वाटेल. पण "जनुकं अँटिबॉडीवर परिणाम करतात" या वाक्याचं याहून सोपं उदाहरण मला माहीत नाही. ज्याच्या अंगात 'एच' आहे तो 'एच'विरुद्ध अँटिबॉडी बनवत नाही, कारण प्रतिकारशक्तीला लहानपणीच आपलं काय ते शिकवलेलं असतं. ज्याच्यात 'एच' नाही त्याच्यासाठी तो परका, म्हणून अँटिबॉडी तयार. एक जनुक, एक उत्तर, हो किंवा नाही. ल्युपसमध्ये नेमकं उलट होतं. डीएनए तर प्रत्येकाच्या प्रत्येक केंद्रकात आहे, तो परका असूच शकत नाही. तरीही त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी येते. म्हणजे इथं एखादा पदार्थ असण्या-नसण्याचा मामला नाही. "आपलं" ओळखून गप्प बसण्याची जी व्यवस्था आहे तीच सैल झालेली आहे. आणि ती व्यवस्था एका जनुकाची नसते.

मुंबईत या कामातून १९५७ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं ब्लड ग्रुप रेफरन्स सेंटर सुरू झालं. तेच पुढे वाढत जाऊन केईएमच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरशास्त्र संस्था झाली, म्हणजे आपण जिला एनआयआयएच म्हणतो ती. आज पश्चिम भारतातल्या ल्युपस रुग्णांच्या अँटिबॉडीवर आणि जनुकांवर जे काम झालंय त्यातलं बरंचसं या संस्थेचं आहे. तिच्याकडे परत येऊच.

योगायोग बघा, त्याच १९५७ साली इटली, फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि अमेरिकेतल्या वेगवेगळ्या गटांनी ल्युपस रुग्णांच्या रक्तात डीएनएला चिकटणारी अँटिबॉडी असल्याचं सांगितलं. त्याआधी १९४८ मध्ये मेयो क्लिनिकच्या हारग्रेव्ह्जनी एलई पेशी दाखवली होती: एक पांढरी पेशी, पोटात दुसऱ्या पेशीचं अख्खं केंद्रक गिळलेली. ती कशामुळे तशी होते हे १९५७ नंतर समजू लागलं.

मग अँटिबॉडीची यादी वाढत गेली. १९६६ मध्ये टॅन आणि कुंकेल यांनी 'एसएम' शोधली. हे नाव स्मिथ आडनावाच्या रुग्णाचं. 'रो' आणि 'ला' हीही रुग्णांच्या नावांतून आलेली नावं, १९६९ आणि १९७४ मधली. नावं लक्षात ठेवा, कारण पुढे सगळा खेळ त्यांचा आहे. (१९७९ साली लर्नर आणि स्टाइट्झ यांनी याच 'एसएम' अँटिबॉडीचा गळ टाकून पेशीतले छोटे आरएनए-प्रथिन कण बाहेर काढले आणि त्यातून आरएनए स्प्लायसिंगचा धागा सापडला. रुग्णाच्या सीरमनं मूलभूत जीवशास्त्राला दिलेली ही देणगी नेटच्या अभ्यासक्रमात वाचताना कुणी सांगत नाही, म्हणून इथं सांगितली.)

यातून एक गोष्ट ठळक झाली. ल्युपसच्या सगळ्या रुग्णांत सगळ्या अँटिबॉडी नसतात. कुणात डीएनएविरुद्ध जास्त, कुणात फक्त रो, कुणात रो आणि ला जोडीनं, कुणात एसएम. आणि आजारही त्याप्रमाणे वळण घेतो. डीएनएविरुद्धची अँटिबॉडी असलेल्यांत मूत्रपिंडाचा त्रास जास्त दिसतो. रो असलेल्यांत उन्हानं त्वचेवर उठणारे चट्टे. म्हणजे डॉक्टरांनी फाइलवर एकच नाव लिहिलंय, पण आत निदान तीन-चार वेगळ्या गोष्टी आहेत.

जनुकांचा वाटा आहे हे जुळ्यांवरून कळलं. डीपेन आणि सहकाऱ्यांच्या १९९२ च्या अभ्यासात एकबीज जुळ्यांपैकी एकाला ल्युपस असताना दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण २४ टक्के होतं, द्विबीज जुळ्यांत २ टक्के. हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचा. चोवीस म्हणजे दोनच्या बारापट, जनुकं महत्त्वाचीच. पण शंभर टक्के जनुकं सारखी असूनही चारपैकी तिघी सुटतात.

खरा उलगडा उंदरांनी केला. न्यूझीलंडमधल्या ओटागो मेडिकल स्कूलमध्ये बिल्शोव्स्की, हेल्यर आणि हावी यांना १९५९ साली एनझेडबी जातीच्या काळ्या उंदरांमध्ये आपोआप होणारा रक्तक्षय दिसला. हे उंदीर स्वतःच्याच तांबड्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी करत होते. १९६३ मध्ये त्यांचा संकर एनझेडडब्ल्यू या पांढऱ्या जातीशी केला तर पिल्लांना जवळजवळ माणसासारखाच ल्युपस झाला, मूत्रपिंडासकट. गंमत अशी की पांढरे पालक तसे धडधाकट होते.

धडधाकट पालकाकडून रोगाचा भाग कसा येतो? याचं उत्तर यायला तीस वर्षं गेली. १९९४ साली लॉरेन्स मोरेल, एडवर्ड वेकलँड आणि सहकाऱ्यांनी या संकरातून निघालेल्या वंशावर काम करून तीन मुख्य जागा नकाशावर टाकल्या: पहिल्या गुणसूत्रावर एसएलई-१, चौथ्यावर एसएलई-२, सातव्यावर एसएलई-३. मग त्यांनी केलं ते मला आजही शिकण्यासारखं वाटतं. एकेक जागा वेगळी काढून निरोगी उंदरात पैदाशीनं बसवली. फक्त एसएलई-१ असलेल्या उंदरांत केंद्रकातल्या क्रोमॅटिनविरुद्ध भरपूर अँटिबॉडी आल्या, पण मूत्रपिंड ठीक राहिलं. एसएलई-१ आणि एसएलई-३ एकत्र केल्यावर मूत्रपिंडं गेली. आणि एसएलई-१ आला होता कुठून? त्या पांढऱ्या, धडधाकट पालकाकडून. त्याच्या अंगात तो दाबून ठेवणाऱ्या दुसऱ्या जागाही होत्या.

इथं थांबून विचार करा. अँटिबॉडी तयार होणं ही एक पायरी आहे, तिला स्वतःची जनुकं आहेत. त्या अँटिबॉडीतून आजार होणं ही दुसरी पायरी, तिला वेगळी जनुकं आहेत. तुम्ही दोन्ही पायऱ्या एकत्र ढवळून "ल्युपस आहे / नाही" असा एकच रकाना केलात, तर दोन्हीची जनुकं एकमेकांत मिसळतात आणि दोन्ही पुसट दिसतात.

माणसात हे आधी एचएलएमध्ये दिसलं. एचएलए-डीआर हे पेशीच्या पृष्ठभागावरचं एक तबक समजा. त्यात प्रथिनाचा छोटा तुकडा ठेवून टी पेशीला दाखवला जातो. टी पेशीनं होकार दिला तर बी पेशी त्या प्रथिनाविरुद्ध पक्की अँटिबॉडी बनवते. तबकाचा आकार माणसागणिक वेगळा, म्हणून कुठला तुकडा नीट बसेल हेही वेगळं. १९७८ मध्ये राइनर्टसन आणि सहकाऱ्यांनी डीआर-२ आणि डीआर-३ यांचा ल्युपसशी संबंध दाखवला. संबंध होता, पण काठावरचा. १९८० मध्ये बेल आणि मॅडिसन यांनी रुग्णांना अँटिबॉडीनुसार वाटून पाहिलं आणि डीआर-३ चा धागा रो-ला अँटिबॉडी असलेल्या गटाकडे गेला. १९८८ मध्ये हॅमिल्टन, हार्ली, आर्नेट वगैरेंनी आणखी बारकाईनं पाहिलं: रो आणि ला जोडीनं असतील तर डीआर-३, एकटी रो असेल तर डीआर-२. आजाराच्या नावाशी सैल असलेलं जनुक अँटिबॉडीच्या नावाशी घट्ट बसलं.

पुढे संपूर्ण जनुकसंच चाळण्याचं तंत्र आलं आणि २००८ पासून ल्युपसशी जोडलेल्या जागांची यादी भराभर वाढली. आयआरएफ-५, स्टॅट-४, आयटीजीएएम, बीएलके, किती तरी. त्यातही २०११ साली चुंग आणि सहकाऱ्यांनी जुनाच प्रश्न नव्या यंत्राला विचारला. रुग्णांचे दोन भाग केले: डीएनएविरुद्धची अँटिबॉडी असलेले आणि नसलेले. एचएलए, स्टॅट-४, आयआरएफ-५, आयटीजीएएम यांचा संबंध अँटिबॉडी असलेल्या गटाशी ठळक निघाला. यादीतल्या इतर काही जागांना मात्र या वाटणीनं फारसा फरक पडला नाही. म्हणजे "ल्युपसची जनुकं" म्हणून आपण जे पाठ करतो त्यातली काही डीएनए अँटिबॉडीची जनुकं आहेत असं म्हणणं जास्त नेमकं.

आता परत मुंबई. एनआयआयएचमधल्या वंदना प्रधान, विनोद उमरे, मनोज पटवर्धन, कंजाक्ष घोष यांनी केईएमच्या डॉक्टरांबरोबर जे निबंध लिहिले त्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे. २०१० मध्ये न्यूक्लिओझोमविरुद्धच्या अँटिबॉडीचा आजाराच्या तीव्रतेशी आणि बाकी अँटिबॉडींशी संबंध. २०१४ मध्ये आयएल-६, टीएनएफ-अल्फा, आयएल-१ बीटा या सायटोकाइन्सचा लक्षणांशी संबंध. २०१७ मध्ये एमसीपी-१ जनुकातल्या एका अक्षराच्या फरकाचा मूत्रपिंडाच्या त्रासाशी संबंध. आधी अँटिबॉडी नीट मोजणं, मग जनुकाकडे जाणं, हा क्रम मला पटतो. रक्तगटांवर वाढलेल्या संस्थेला तो सुचणं साहजिकही आहे.

पण एक सावधगिरी, आणि ती कुठल्याही एका संस्थेबद्दल नाही. आपल्याकडे "शंभर रुग्ण, शंभर निरोगी, एक जनुक" या साच्यातले प्रबंध भरपूर होतात. युरोपात गाजलेलं जनुक घ्यायचं आणि इथं तपासायचं. पहिली अडचण म्हणजे ते जनुक इथं त्या रूपात नसतंच. पीटीपीएन-२२ चा आर६२०डब्ल्यू हा बदल उत्तर युरोपीय लोकांत साधारण दहा टक्के प्रतींवर सापडतो. आशियात तो फारच दुर्मीळ. शंभर रुग्णांत तो शोधून "संबंध नाही" म्हणण्यात अर्थ नाही.

दुसरी अडचण जास्त खोल आहे, आणि तिचा इतिहास पुन्हा परळमधलाच. १९४९ साली एल. डी. संघवी आणि व्ही. आर. खानोलकर यांनी मुंबईतल्या सहा अंतर्विवाही समाजांमध्ये सात जनुकीय गुणांची मोजणी प्रसिद्ध केली. एकाच शहरात, एकाच भाषेत, शेजारी-शेजारी राहणाऱ्या समाजांत जनुकांची प्रमाणं वेगवेगळी होती. १९६८ मध्ये इरावती कर्वे आणि के. सी. मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण जातींची तुलना केली. एकाच पायरीवरच्या, एकाच नावाखालच्या या जातींतही फरक होते. जो समाज शतकानुशतकं आपल्या आपल्यात लग्नं करतो, त्यात हे होणारच. (खानोलकरांनी उभी केलेली इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर ही संस्था टाटा मेमोरियल सेंटरचा भाग झाली आणि २००२ मध्ये ॲक्ट्रेक म्हणून खारघरला आली. म्हणजे हा वारसा आता आपल्या पनवेल तालुक्यात आहे. खारघर स्टेशनवर उतरणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.)

याचा तुमच्या प्रबंधाशी संबंध काय ते एका काल्पनिक हिशेबानं दाखवते. समजा एका जनुकाचं एक रूप समाज 'अ' मध्ये ३० टक्के आणि समाज 'ब' मध्ये १० टक्के आहे, आणि त्याचा ल्युपसशी काडीचा संबंध नाही. तुमच्या शंभर रुग्णांत ८० 'अ' चे, २० 'ब' चे आले. निरोगी शंभरांत उलट: २० 'अ', ८० 'ब'. रुग्णांत त्या रूपाचं प्रमाण २६ टक्के येईल, निरोगींत १४ टक्के. प्रत्येकी २०० प्रती धरल्या तर ५२ विरुद्ध २८. पी-व्हॅल्यू ०.००३ च्या आसपास. गाइड खूश, निबंध तयार. आणि त्यात ल्युपसचा पत्ता नाही, तुम्ही फक्त दोन समाजांतला फरक मोजलात.

हे काल्पनिक असलं तरी असंभव नाही. मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयात रुग्ण कोकणातून, मराठवाड्यातून, उत्तर प्रदेशातून येतात. निरोगी नमुने मात्र बहुतेकदा सापडतील तिथून घेतले जातात: प्रयोगशाळेतले सहकारी, विद्यार्थी, रक्तदाते. आपल्याकडचे रक्तदाते तर बहुतांशी पुरुष. ल्युपसच्या नव्वद टक्के बायकांची तुलना पुरुष रक्तदात्यांशी करताय, आणि या विषयातलं अलीकडचं मोठं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. २०२२ मध्ये ब्राउन, विनुएसा आणि सहकाऱ्यांनी एका स्पॅनिश मुलीत टीएलआर-७ या जनुकातला एकच बदल दाखवला, तो उंदरात घातला, आणि उंदरांना ल्युपस झाला. टीएलआर-७ एक्सवर आहे आणि बायकांत दुसरा एक्स बंद होताना हे जनुक काही पेशींत चालूच राहतं. इथं तुलनेला पुरुष घेऊन कसं चालेल?

म्हणून अँटिबॉडीचा प्रश्न मला दुहेरी फायद्याचा वाटतो. "रुग्ण विरुद्ध निरोगी" ऐवजी "रुग्णांपैकी अँटिबॉडी असलेले विरुद्ध नसलेले" अशी तुलना केली की दोन्ही बाजू एकाच ओपीडीतून येतात, एकाच रांगेतून. समाजाची, गावाची, लिंगाची तफावत खूप कमी होते. संपत नाही, हेही लक्षात घ्या. एखाद्या समाजात रोच जास्त दिसत असेल तर घोळ तसाच राहतो. त्यासाठी वंशमूळ दाखवणारे जनुकीय खुणांचे संच वापरून दुरुस्ती करावीच लागते. आणि या तुलनेतून "ल्युपस का झाला" हे कळणार नाही, "कोणत्या प्रकारचा झाला" एवढंच कळेल. पण ते तरी खरं असेल.

अर्थात मग अँटिबॉडीची मोजणी निर्दोष हवी, आणि तिथं जनुकांपेक्षा जास्त कष्ट आहेत. जनुक एकदा वाचलं की बदलत नाही. डीएनएविरुद्धची अँटिबॉडी मात्र स्टेरॉइड चालू केलं की उतरते, आजार भडकला की चढते. एका भेटीत निगेटिव्ह म्हणून रुग्णाला 'नसलेल्या' गटात टाकलं तर दोन वर्षांपूर्वीचा पॉझिटिव्ह रिपोर्ट तिच्याच फाइलमध्ये असू शकतो. म्हणून "कधीतरी पॉझिटिव्ह होती का" हे जुने कागद चाळून बघावं लागतं. रो आणि एसएम त्या मानानं स्थिर. पद्धतही महत्त्वाची: एलायझात सैल चिकटणाऱ्या अँटिबॉडीही पकडल्या जातात, क्रिथिडिया ल्युसिली या एकपेशीय जीवावर केलेली चाचणी जास्त कडक, कारण त्याच्या शरीरातल्या एका ठिपक्यात दुपेडी डीएनए दाटीनं असतो आणि फक्त तोच उजळतो. प्रयोगशाळेनं मध्येच पद्धत बदलली असेल तर तुमचे २०१५ चे आणि २०२० चे रुग्ण एका रकान्यात बसणार नाहीत. मुलाखतीला जाल तेव्हा हे विचारा. सीक्वेन्सर कोणता आहे हे सगळेच विचारतात.

निरोगी गटाचीही अँटिबॉडी तपासा. टॅन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं की १:४० इतक्या पातळ केलेल्या सीरमवर निरोगी माणसांपैकी ३१.७ टक्के एएनए पॉझिटिव्ह येतात, १:८० वर १३.३ टक्के, १:१६० वर ५ टक्के. २०१९ च्या वर्गीकरणात १:८० ही प्रवेशाची पायरी आहे, निदानाची नव्हे. दरवेळी ओपीडीत घाबरून बसलेली कुणीतरी असते जिच्या हातात फक्त एएनएचा रिपोर्ट असतो, आणि इंटरनेटवर तिनं सगळं वाचलेलं असतं.

पण या निरोगींतल्या काही पुढे आजारी पडतात, हेही खरं. २००३ मध्ये अर्बकल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी सैन्यानं साठवलेले जुने सीरम काढले. पुढे ल्युपस झालेल्या १३० जणांपैकी ११५ जणांच्या रक्तात निदानाच्या आधीच निदान एक ऑटोअँटिबॉडी होती, काहींत नऊ वर्षांहून आधी. उंदरांतली एसएलई-१ ची पायरी माणसांत तीच: अँटिबॉडी आहे, आजार नाही, मध्ये कित्येक वर्षं. त्या वर्षांत काय घडतं, कोणती जनुकं ढकलतात आणि कोणती थोपवतात, हे बघायला रुग्ण पुरे नाहीत, त्यांच्या निरोगी बहिणी हव्यात. सैन्यासारखा सीरमचा साठा आपल्याकडे नाही, पण कुटुंबं आहेत, आणि ती रुग्णाबरोबर ओपीडीत येतात.

फक्त अशा बहिणींचं रक्त घेण्याआधी एक गोष्ट नैतिक समितीच्या अर्जात लिहून ठेवा: रो पॉझिटिव्ह निघाली तर तिला कळवणार का आणि कसं. रो अँटिबॉडी वारेतून बाळापर्यंत जाते. आई ठणठणीत असली, तिला ल्युपस नसला, तरी अशा आयांच्या गर्भांपैकी साधारण एक ते दोन टक्क्यांत बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावणारा ब्लॉक होऊ शकतो, बहुधा गरोदरपणाच्या १६ ते २६ आठवड्यांच्या दरम्यान. आधी माहीत असलं तर त्या आठवड्यांत गर्भाच्या हृदयाची सोनोग्राफी करता येते. संमतीपत्रात या ओळीसाठी जागा ठेवा, आणि ते मराठीत लिहा, हिंदीत लिहा, तिला वाचता येईल अशा भाषेत लिहा.